सर्व्हर रूममधला फोन मी उचलला होता

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. शेवटची बारा वर्षं प्रशासन व्यवस्थापक होतो. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली. एकाने म्हटलं, ‘भाऊसाहेबांच्या हातून कधी चूक झाली नाही.’ टाळ्या पडल्या. मीही मान खाली घालून हसलो. ते वाक्य खोटं होतं आणि त्या हॉलमध्ये हे फक्त मलाच ठाऊक होतं.

आता वय झालंय, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, लिहायला वेळ आहे. कारखान्याचं किंवा कुणाचंही नाव लिहिणार नाही. नाव न लिहिता खरं सांगता येतं, हे मी याच प्रकरणात शिकलो.

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरचा सगळा भार एका बाईवर होता. तेव्हा तिशीची असेल. वरणगावची. वडील तिकडच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत कामाला होते, त्यामुळे शिस्त घरातूनच आलेली. रोज रेल्वेने अप-डाऊन करायची आणि तरी आमच्या आधी हजर असायची. सर्व्हर, प्रिंटर, बिघडलेला माऊस, शेठच्या मोबाइलमध्ये न उघडणारा फोटो, सगळं तिच्याकडेच. मी तिला ताई म्हणायचो, ती मला सर म्हणायची.

‘सर, पासवर्ड डायरीत नका लिहू,’ असं ती मला महिन्यातून एकदा तरी सांगायची.

‘ताई, इथे चोर आला तर काय नेणार? चटया?’

‘चटई नेली तर दिसेल तरी सर. हे नेलं तर दिसणारही नाही.’

मी हसून विषय संपवायचो. डायरी ड्रॉवरमध्येच राहायची.

सर्व्हर रूम म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातली काचेची लहानशी खोली. तिची चावी ताईकडे असे आणि दुसरी, अडीअडचणीसाठी, माझ्याकडे. ताईशिवाय कुणी त्या खोलीत जायचं नाही, असं परिपत्रक माझ्याच सहीने निघालं होतं. पण जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ऑफिसमधले कूलर दुपारी गरम वाफ फेकायचे. खरा एसी फक्त त्या एका खोलीत, मशीनसाठी, चोवीस तास. ताई डबा खायला पॅकिंगच्या बायकांबरोबर मागच्या कडुनिंबाखाली जायची. खोलीला कुलूप लावून जायची. ती गेली की मी माझी चावी काढायचो, आत जाऊन तिच्या खुर्चीत वीस-पंचवीस मिनिटं डोळे मिटून बसायचो आणि ती यायच्या आत कुलूप लावून बाहेर. एक-दोन दिवस नाही, दोन उन्हाळे मी हे केलं.

ताईच्या लक्षात आलं होतं. मी आलोय हे नव्हे, कुणीतरी येतंय हे. एकदा तिने मला सांगितलं, ‘सर, माझी खुर्ची रोज खाली केलेली असते. कुणीतरी आत बसतं.’

मी म्हणालो, ‘बघतो.’

तिच्यापेक्षा मी उंच आहे, तरी पाय पसरून बसायला मला खुर्ची खाली लागते. तेवढंच कारण होतं.

आता माझ्या बोलण्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं गाव अमळनेर तालुक्यात. घरात अहिराणी. अमळनेरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी वर्गात उभा राहून उत्तर दिलं तेव्हा सगळा वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं, बोली गावची होती. त्या दिवसापासून मी घराबाहेर अहिराणी बोलणं सोडलं ते सोडलंच. ऑफिसात माझं मराठी इतकं स्वच्छ होतं की पाहुणे विचारायचे, साहेब पुण्याचे का? मला ते आवडायचं. अहिराणी उरली फक्त आईशी बोलायला. बायको नाशिककडची, मुलं पुण्यात. आणि ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच वर्षी जानेवारीत आई गेली. त्यानंतर त्या बोलीतला एक शब्दही माझ्या तोंडातून निघाला नव्हता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढे असं का झालं ते कळावं म्हणून सांगतो.

त्या मे महिन्यात एका मोठ्या दुकान-साखळीचं काम आम्हाला मिळण्याच्या बेतात होतं. त्यांच्या आणि आमच्या ऑर्डरची यंत्रणा जोडायची होती. त्याआधी त्यांची अट होती की आमची यंत्रणा बाहेरून फोडता येते का, हे जाणकारांकडून तपासून घ्या. याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. म्हणजे चोराच्या वाटेने यायचं, पण मालकाची लेखी परवानगी घेऊन, आणि चोरी न करता कुठून आत आलो ते लिहून द्यायचं. शेठनी पुण्याची एक कंपनी नेमली. हे फक्त शेठ आणि त्यांच्या पुतण्याला माहीत होतं. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही सगळे आठ दिवस शहाण्यासारखे वागलो असतो.

त्या दिवशी अडीचच्या सुमारास मी ताईच्या खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो आणि टेबलावरचा फोन वाजला. उचलायला नको होता. सवयीने उचलला.

एका मुलीचा आवाज. ऑर्डरचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या कंपनीतून, पुण्याहून बोलतेय म्हणाली. काहीतरी अडकलंय, इथून जोडून दुरुस्त करायचंय.

‘मॅडम जेवायला गेल्या आहेत. अर्ध्या तासाने करा,’ मी म्हणालो.

‘बरं सर.’ आणि मग फोन ठेवता ठेवता, स्वतःशीच बोलावं तसं, ती म्हणाली, ‘आते काय करू माय.’

कितीतरी महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘कोन्या गावनी शे तू, पोरी?’

पलीकडून लगेच, ‘धुयाकडनी शे आबा. शिंदखेडाजवळनी.’

‘मंग पुनामा काय करस?’

‘नोकरी करस आबा. नवी शे. पहिलंच काम दिन्हं शे, तेबी व्हत नही. साहेब बोलतीन मले.’

‘काय करनं पडी, सांग.’

तिने सांगितलं, मी करत गेलो. एक पान उघडलं, पडद्यावर आलेले आकडे तिला वाचून दाखवले, परवानगीच्या बटणावर दाबलं. मग तिने सर्व्हरचा पासवर्ड विचारला. मी उठून माझ्या टेबलापर्यंत गेलो, डायरी घेऊन परत आलो आणि वाचून दाखवला. एक अक्षर मोठं आहे हेही आवर्जून सांगितलं.

‘लई उपकार व्हयनात आबा.’

फोन ठेवला, कुलूप लावलं आणि जागेवर येऊन बसलो. ती सबंध दुपार मला फार बरं वाटत होतं. आपल्या मुलखातल्या एका पोरीची नोकरी वाचवली, असं वाटत होतं. शिपायाला सांगून मी स्वतःसाठी जास्तीचा चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात शेठच्या केबिनमध्ये बैठक झाली. शेठ, पुतण्या, मी, ताई आणि पुण्याच्या कंपनीचे दोघे, एक पुरुष आणि एक मुलगी. त्यांनी भिंतीवर आमच्याच सर्व्हरच्या पडद्याचा फोटो दाखवला. त्यात एक नवी फाइल होती, तिच्यात एकच ओळ: ‘आम्ही इथपर्यंत आलो होतो.’ एका फोनवर मिळालेल्या पासवर्डने ते ऑर्डरपर्यंत, यंत्रमागांच्या वेळापत्रकापर्यंत, कामगारांच्या कागदपत्रांपर्यंत पोचले होते. फोन कुठला, तर सर्व्हर रूममधला. वेळ दुपारच्या सुट्टीची. स्थानिक बोलीत संवाद साधल्यावर कर्मचाऱ्याने माहिती दिली, असं अहवालात होतं. नाव नव्हतं.

‘स्थानिक बोली म्हणजे?’ शेठनी विचारलं.

‘गावाकडची, सर,’ ती मुलगी म्हणाली. फोनवरचा तोच आवाज. मी टेबलाकडे बघत राहिलो.

नाव आम्ही देत नाही, एवढं सांगून पुण्याचे दोघे बाहेर गेले, तसे शेठ ताईकडे वळले. शेठचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण तीन पिढ्या जळगावात. तरी गावाकडची बोली म्हटलं की त्यांना सगळ्या सारख्याच. ताई जिल्ह्याच्या पूर्वेकडची, तिची बोली वेगळी, तिला अहिराणी येतही नाही. हे त्या केबिनमध्ये फक्त तिला आणि मला कळत होतं. आणि नेमकं कुठल्या बोलीत बोलणं झालं, हे ताईला माहीत नव्हतं.

‘मी डबा खायला गेले होते शेठ. खोलीला कुलूप होतं.’

‘कुलूप होतं तर फोन कुणी उचलला? भुताने?’

पुतण्या हसला. शेठनी मला विचारलं, ‘भाऊसाहेब, दुसरी चावी?’

‘माझ्या ड्रॉवरमध्ये.’

‘दिली होती कुणाला?’

‘नाही.’

दोन्ही उत्तरं खरी होती. दोन्ही मिळून जे झालं ते खोटं होतं. ताई माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होती, कारण तिला वाटलं मी निदान चावी नीट सांभाळली.

बैठक संपल्यावर मी पाण्याच्या कूलरपाशी उभा होतो. ती मुलगी तिथे आली आणि हळूच म्हणाली, ‘आबा, बरं शे ना?’

मी माझ्या स्वच्छ मराठीत म्हणालो, ‘माफ करा, मी आपल्याला ओळखलं नाही.’

तिने मला एकदा नीट पाहिलं. मग तीही तसंच बोलली. ‘ठीक आहे सर. आम्ही नाव देत नाही. एका फोनवर सगळं उघडत असेल तर चूक माणसाची नसते, व्यवस्थेची असते. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय की कुणालाही शिक्षा करू नका, पद्धत बदला. शेठना तेवढं वाचायला सांगा.’ तिने तिचं कार्ड कूलरवर ठेवलं आणि गेली. मी ते उचलून पाकिटात टाकलं.

शेठनी अहवाल वाचला नाही. मला म्हणाले, ‘भाऊसाहेब, मराठीत सारांश काढा.’ मी काढला. चांगला काढला. फोनवर पासवर्ड देऊ नये, समोरच्याला आधी त्याच्या कंपनीच्या नंबरवर उलटा फोन करावा, सगळं लिहिलं. फक्त शिक्षा करू नका हे वाक्य वगळलं. ते असतं तर शेठनी ‘मग होतं कोण?’ हे सहज, हसत विचारलं असतं आणि मला ते हसू नको होतं.

ताईची बदली गोदामात लेबलं तपासायच्या कामावर झाली. तिच्या फाइलला ‘सुरक्षा नियमभंग’ असा शेरा लागला. तो मीच टाइप करून घेतला. तिसऱ्या महिन्यात तिने राजीनामा दिला. जाताना मला नमस्कार करून गेली.

त्यानंतर मी सर्व्हर रूममध्ये कधी बसलो नाही. एवढीच काय ती मी स्वतःला दिलेली शिक्षा.

या वर्षी, संक्रांतीनंतर, ताई मेहरूणला माझ्या घरी आली. हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा. लग्न झालेलं, वरणगावातच घराशेजारी कॉम्प्युटरचा क्लास चालवते म्हणाली. बायकोशी जुन्या ओळखीसारखी बोलली. मग खरं काम काढलं. नाशिकच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती, घरून करता येईल असं काम होतं, फक्त सुरुवातीला तिकडे जावं लागणार होतं. पण या कंपन्या जुन्या ठिकाणी चौकशी करतात. याआधी दोनदा असंच झालं होतं. सगळं ठरायचं आणि आमच्या कारखान्यातून तो शेरा कळला की पुढे फोन यायचा बंद.

‘नाशिकवाल्यांनी दहा दिवस दिलेत सर. तुम्ही दोन ओळी लिहून द्याल का? माझं काम तुम्हीच पाहिलंय.’

‘देतो की,’ मी म्हणालो.

‘आणि सर, मी खूप विचार केला. कदाचित माझंच चुकलं असेल. त्या दिवशी घाईत कुलूप नीट लागलंच नसेल. कुणीतरी आत आलं असेल.’

ती गेल्यावर बायकोने वेफर्स बशीत काढून दिले. माझ्याने एकही खाववला नाही. मी पत्र लिहायला बसलो. प्रामाणिक, वक्तशीर, हुशार, सगळे शब्द लिहिले. खरे होते. पण शेऱ्यापुढे ते काय करणार होते? तो शेरा खोटा आहे असं लिहायचं तर पुढचा प्रश्न येतो की तुम्हाला कसं माहीत. चार दिवसांत मी ते पत्र तीनदा लिहिलं. चौथ्या दिवशी जुन्या पाकिटातून पुण्याच्या कंपनीतल्या त्या मुलीचं कार्ड काढलं आणि फोन लावला. ती मुलगी आता धुळ्याला, देवपुरात, आईवडिलांच्या घरून काम करते असं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी धुळ्याला गेलो. मनात एक पळवाट होती, तीही सांगतो. त्या फोनचं रेकॉर्डिंग असेल, ते शेठकडे आपोआप पोचेल आणि मला तोंडाने काही सांगावं लागणार नाही.

दार तिनेच उघडलं. मी म्हणालो, ‘मले वळखस का?’

‘आवाज वळखस, आबा,’ ती म्हणाली आणि हसली. ‘बठा.’

तिच्या आईने पोहे आणले. पुण्याहून आलेल्या मुलीसारखी दिसणारी ती पोरगी खुर्चीत मांडी घालून माझ्यासमोर बसली आणि मी तिला सगळं सांगितलं. निम्मं अहिराणीत, निम्मं मराठीत. ताईच्या शेऱ्यापाशी आलो तसं तिचं हसू गेलं.

‘शिक्षा केली? आम्ही लिहून दिलं होतं ना!’

‘ते वाक्य मी गाळलं.’

तिने पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मी रेकॉर्डिंगचं विचारलं तशी म्हणाली, ‘रेकॉर्डिंग नाही आबा. काम संपलं की ठरल्या मुदतीत पुसून टाकतो. तोच करार असतो.’

‘मंग पुरावा?’

‘पुरावा तुम्हीच शेतस.’

हे मला तिथे जाऊन ऐकायचं नव्हतं. पण ऐकल्यावर एक प्रकारे मोकळं झाल्यासारखं वाटलं. पळवाट बंद झाली की रस्ता एकच उरतो आणि म्हाताऱ्या माणसाला एकच रस्ता बरा पडतो.

निघताना ती म्हणाली, ‘एक मीही सांगते. ते “आते काय करू माय” माझ्या तोंडून चुकून नव्हतं निघालं. तुम्ही “जेवायला” म्हणालात ना, त्यात मला गाव ऐकू आलं. म्हणून मुद्दाम टाकलं. पहिलंच काम होतं हे मात्र खरं होतं. सगळ्यांनी मला शाबासकी दिली आणि मला रात्रभर वाटत राहिलं की मी माझ्या आजोबांना फसवलं. त्यानंतर कामासाठी मी कुणालाच अहिराणीत फोन केला नाही. माणसं तपासायच्या हजार पद्धती आहेत.’

‘पण तुझं काम चांगलं शे,’ मी म्हणालो. ‘चोर आला असता तर?’

‘हो, तेही शे,’ ती म्हणाली. ‘शेठना सांगा, दुसरं पान वाचा. नाही वाचलं तर मी येते.’

दोन दिवसांनी मी कारखान्यात गेलो. फाटकावरचा वॉचमन नवा होता, त्याने माझं नाव लिहून घेतलं, आत फोन करून विचारलं आणि मगच सोडलं. मला ते आवडलं. शेठनी उठून स्वागत केलं. मी पाणीही न पिता सांगायला सुरुवात केली, कारण पाणी प्यायलो असतो तर कदाचित घरच्यांची खुशाली विचारून परत आलो असतो.

सगळं ऐकून शेठ पहिलं काय बोलले असतील?

‘तुम्हाला अहिराणी येते?’

‘घरची बोली आहे शेठ.’

‘एकतीस वर्षांत एक शब्द ऐकला नाही मी तुमच्याकडून!’

मग हळूहळू बाकीचं त्यांच्या डोक्यात उतरलं. चेहरा बदलला. ‘म्हणजे त्या पोरीला मी सगळ्यांसमोर भुतावरून बोललो आणि भूत माझ्या शेजारी बसलं होतं.’

‘हो.’

‘चार वर्षं, भाऊसाहेब? शाल घेतली माझ्या हातून तुम्ही.’

त्यांनी पुतण्याला बोलावून जुना अहवाल काढायला लावला आणि दुसरं पान मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हे सारांशात नव्हतं.’

‘नव्हतं. मी गाळलं.’

शेठनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. ‘मीही वाचलं नाही. इंग्रजी मला येतं. आळस केला.’ मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘लिहा. तुमच्या हाताने.’

मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि पेनाने एका शब्दावर टोचलं. ‘हे “अनवधानाने” कशाला? फोन उचलला असेल अनवधानाने. गप्प अनवधानाने नाही राहिलात. काढा ते.’

मी तो शब्द काढून कागद पुन्हा पहिल्यापासून लिहिला. शेठनी कंपनीच्या कागदावर स्वतःचं पत्र दिलं. शेरा चुकीचा होता, तो रद्द केला आहे, चौकशी न करता दोष दिल्याबद्दल कंपनी दिलगीर आहे. सही केली, शिक्का मारला. दारापर्यंत सोडायला आले नाहीत. नेहमी यायचे. केबिनमधूनच म्हणाले, ‘तिला तुम्ही स्वतः नेऊन द्या. पोस्टाने नको.’

मी पोस्टाने पाठवणारही नव्हतो, पण त्यांना तसं वाटलं हे बरोबरच होतं.

वरणगावात तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. क्लास म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, सहा कॉम्प्युटर, भिंतीवर तिच्या अक्षरात नियम. अजून कुणी आलं नव्हतं. तिने खुर्ची दिली. मी बसलो नाही. दोन्ही कागद तिच्या हातात दिले आणि म्हणालो, ‘ताई, आधी माझा वाच.’ एरवी मी तिला अहो-जाहो करायचो. त्या दिवशी तोंडातून एकेरी निघालं.

तिने उभ्यानेच वाचला. मग परत वरून वाचला.

‘खुर्ची तुम्ही खाली करायचात?’

‘हो.’

‘मी तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघतो.’

‘हो.’

‘आणि मी तुमच्या घरी वेफर्स घेऊन आले!’ तिचा आवाज चढला. ‘सर, तुम्हाला माहितेय मी काय करते? घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. रस्त्यापर्यंत जाऊन परत येते. गॅस बंद केला का, चारदा बघते. नवरा चिडवतो, सासू म्हणते हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. चार वर्षं मला वाटतंय की माझा हातच फसवा आहे!’

बोलण्यासारखं होतं ते कागदावर होतं.

जरा वेळाने तिने वेगळ्याच आवाजात विचारलं, ‘म्हणजे त्या दिवशी मी कुलूप लावलं होतं.’

‘लावलं होतं.’

‘पक्कं?’

‘पक्कं. मी चावी फिरवून उघडलं. दोन वेळा फिरवावी लागायची, तशीच फिरवली.’

‘दोन वेळा,’ ती म्हणाली. ‘हो, दोन वेळा.’ आणि ती बसली. शेठचं पत्र तिने मग वाचलं, घाईत, नुसतं बघितल्यासारखं. डोळे पदराने नव्हे, मनगटाने पुसले. मग फोन उचलून नाशिकला लावला. मुदतीतले तीन दिवस उरले होते.

‘मॅडम, माझ्या आधीच्या कंपनीने शेरा रद्द केलाय. पत्र मेल करते. हो. ज्यांच्यामुळे झालं होतं ते इथेच आहेत. बोलता का?’ आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. ‘बोला.’

पलीकडून एका बाईने मी कोण, काय पदावर होतो, विचारलं. मी सांगितलं. मग तिने विचारलं, ‘नक्की काय झालं होतं?’

‘खोलीत मी होतो,’ मी म्हणालो. ‘फोन मी उचलला, पासवर्ड मी दिला. ही बाई कुलूप लावून जेवायला गेली होती. नंतर मला विचारलं तेव्हा मी लपवलं.’

‘हे तुम्ही लेखी दिलंय?’

‘दिलंय. माझ्या अक्षरात आहे. वाचायला त्रास झाला तर पुन्हा फोन करा.’

ती बाई जरा हसली. ताईने फोन परत घेतला आणि दाराशी जाऊन बोलायला लागली. मला तिचं अर्धं बोलणं ऐकू येत होतं. ओरिजिनल सर्टिफिकेटं. सोमवार. नाही, राहायची सोय आहे, मावशी आहे नाशिकला.

फोन ठेवून ती वळली. ‘मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका.’

‘नाही समजत.’

‘पण खरं लिहिलंय तुम्ही. कुठेही शब्द गोल केलेला नाही.’

एक शब्द शेठनी काढायला लावला होता, हे मी तिला सांगितलं. तिला हसू आवरलं नाही. माझ्यावर हसली, पण हसली. आणि म्हणाली, हे सगळं कुठेतरी लिहा सर, नाव कुणाचं नको, पण ऑफिसात बसणाऱ्या माणसांनी वाचायला हवं.

तेवढ्यात क्लासच्या बायका आणि मुली यायला लागल्या. चपला काढून त्या आत शिरत होत्या, माझ्याकडे कोण म्हातारा म्हणून बघत होत्या. मी निघालो. रस्त्यावर आलो तरी तिचा आवाज ऐकू येत होता, पूर्वी ऑफिसात असायचा तसा, मोठा आणि स्पष्ट.

‘ऐका गं, सोमवारपासून आठ दिवस सुट्टी. मी नाशिकला चाललेय.’